माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर: जुनी यंत्रं नागपुरात कशी शोधावी, पारखावी आणि जपावी

दसरा झाला की नागपुरातले माळे रिकामे व्हायला लागतात. दिवाळीची साफसफाई सुरू होते, जुनी पितळी भांडी, बंद पडलेले रेडिओ, मुलांच्या सायकली खाली उतरतात आणि गल्लीत कबाड्याची हाक ऐकू येते. या पंधरा-वीस दिवसांत धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स, लक्ष्मीनगर या भागांतून जितके जुने व्हॅक्यूम क्लीनर बाहेर पडतात, तितके उरलेल्या अकरा महिन्यांत पडत नाहीत. त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत फुटलेलेही असतात. कारण कबाड्याच्या दृष्टीनं त्यात एकच खरी किंमत असते, मोटरमधलं तांबं. तो आधी मोटर फोडतो, मग अॅल्युमिनियम वेगळं करतो, लोखंड वेगळं करतो, नळी आणि प्लास्टिक फेकून देतो. पन्नास-साठ वर्षं धड राहिलेलं यंत्र पाच मिनिटांत संपतं.

हा लेख ते यंत्र त्या पाच मिनिटांच्या आधी गाठण्यासाठी आहे, आणि गाठल्यावर त्याचं काय करायचं यासाठी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. जुनं यंत्र समोर आलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, "चालतं का?" संग्राहकानं तो शेवटी विचारायचा. आधी बघायचं, ते पूर्ण आहे का. मग, ते मूळचं आहे का. बंद मोटर चालू करता येते. हरवलेला ब्रश, तुटलेलं बेकेलाइटचं (जुन्या काळच्या कडक प्लास्टिकचं) झाकण आणि घासून गेलेलं नाव परत आणता येत नाही.

आपल्याकडची यंत्रं चांगली का राहिली

इंग्लंड-अमेरिकेत घरभर गालिचे. तिथे हे यंत्र रोज राबायचं, झिजायचं आणि टाकून दिलं जायचं. आपल्या घरांत मात्र खाली शहाबादी, कोटा किंवा मोझॅक. झाडू आणि ओलं फडकं यांनी काम भागतं. हौसेनं घेतलेला क्लीनर सोफा, पडदे आणि गाद्या यांच्यापुरता, तोही सणासुदीला निघायचा आणि पुन्हा खोक्यात घालून माळ्यावर जायचा. मला मिळालेल्या बहुतेक यंत्रांचे कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे छोटे तुकडे, निम्मेसुद्धा झिजलेले नव्हते. नागपुरात यंत्राला वापरानं इजा होत नाही. ती होते पत्र्याखालच्या मे महिन्यानं, जुलै-ऑगस्टच्या दमटपणानं आणि उंदरांनी.

जुन्यातली जुनी यंत्रं इथे कशी आली, याचाही अंदाज बांधता येतो. नागपूर १८६१पासून मध्य प्रांताची राजधानी होतं, कामठीची छावणी तर १८२१ची. साहेबांचे बंगले, मिलचे व्यवस्थापक, रेल्वेचे अधिकारी यांच्या सामानातून अशा वस्तू आल्या आणि बदली झाल्यावर लिलावात इथेच राहिल्या. बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय कोलकात्यात होतं आणि त्या शहराच्या काही भागांत अनेक वर्षं डीसी वीज होती. म्हणून एखाद्या यंत्राच्या नेमप्लेटवर डीसी किंवा एसी/डीसी असं दिसलं तर दचकू नका. त्या मोटरी दोन्हींवर चालणाऱ्या, म्हणजे युनिव्हर्सल प्रकारच्या असायच्या.

दुसरी मोठी लाट १९८०च्या दशकातली. १९८२ साली फोर्ब्स आणि स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स उभी राहिली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार येऊन गादीतली धूळ काढून दाखवू लागले. त्यांचे युरोक्लीन क्लीनर नागपूरच्या मध्यमवर्गीय घरांत पोचले ते असे. नवख्यानं संग्रहाची सुरुवात याच यंत्रांपासून करावी असं माझं ठाम मत आहे. आज त्यांना मोठा भाव नाही, पण खोकं, पुस्तिका, वॉरंटी कार्ड आणि सगळे ब्रश यांच्यासकट ती अजून मिळतात. वीस वर्षांनी अशी मिळणार नाहीत.

किंमत कशानं ठरते

वयानं नाही. हा गैरसमज सगळ्यांत खोल आहे. लाखांनी बनलेलं ८० वर्षांचं मॉडेल स्वस्त असू शकतं आणि थोडेच नग निघालेलं ३५ वर्षांचं यंत्र महाग. जेम्स डायसन यांचं गुलाबी जी-फोर्स घ्या. ते १९८६मध्ये जपानमध्ये विकायला आलं, म्हणजे आपल्या हिशेबानं कालचंच. पण पिशवीशिवाय चक्रीवादळासारखी हवा फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या डायसनच्या घरगुती यंत्रांतलं ते सुरुवातीचं, म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात.

पहिलेपणाला किंमत आहे, म्हणून थोडा इतिहास माहीत हवा. १९०१मध्ये लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथनं शोषून धूळ काढणारं यंत्र बनवलं. ते इतकं मोठं होतं की घोडागाडीवरून यायचं आणि रस्त्यावर उभं राहून खिडकीतून नळ्या आत सोडायचं. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर अॅबीतले गालिचे त्यानं साफ केले. हाती धरायचं विजेचं यंत्र जमवलं ते ओहायोतल्या कँटन गावच्या जेम्स मरी स्पँगलरनं. तो एका दुकानात सफाईचं काम करायचा, दम्याचा रोगी होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीनं हैराण व्हायचा. पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांतून त्यानं यंत्र उभं केलं. त्याला १९०८मध्ये पेटंट मिळालं. ते हूवर या कारखानदारांनी घेतलं आणि त्यांचं नाव इंग्लंडात घर झाडण्याचं क्रियापदच होऊन बसलं. या काळातली विजेची यंत्रं आणि त्यांच्या आगेमागे आलेली हातानं भाता चालवायची यंत्रं, दोन्ही दुर्मीळ आहेत. भात्याचं यंत्र दिसलं तर त्याला मोडका हार्मोनियम समजून सोडू नका.

मग येतात आकारासाठी जपली जाणारी यंत्रं. इलेक्ट्रोलक्सचं १९२१चं मॉडेल व्ही, घसरगाडीसारख्या दोन पट्ट्यांवर सरकणारं आडवं नळकांडं. आपण 'सिलिंडर' म्हणतो त्या घडणीला त्यानं घरोघर नेलं. हेन्री ड्रायफस यांनी रेखाटलेलं हूवरचं १९३६चं मॉडेल १५०, बेकेलाइटचं झाकण आणि वजन कमी करायला मॅग्नेशियम. १९३७चं इलेक्ट्रोलक्स मॉडेल ३०, ज्याच्यावर रोमन आकड्यात तीन एक्स असतात. लरेल गिल्ड यांनी त्याला आगगाडीच्या इंजिनासारखा निमुळता, चकचकीत आकार दिला. आणि १९५०च्या दशकातलं हूवर कॉन्स्टेलेशन, गोल चेंडूसारखं, ज्याची पुढची मॉडेलं स्वतःच बाहेर सोडलेल्या हवेवर जमिनीपासून किंचित तरंगायची. नागपुरात यांतलं एखादं हाती लागलं तर घाई करू नका. दुरुस्तीला हात लावण्याआधी पुढचा सगळा लेख वाचा.

या सगळ्यापेक्षा रोजच्या व्यवहारात भाव ठरवतो तो संच. नळी, दोन दांड्या, जमिनीचा ब्रश, फटीत शिरणारं चपटं तोंड, सोफ्याचं छोटं तोंड, धूळ टिपायचा गोल ब्रश. जुन्या सिलिंडर यंत्रांबरोबर फवारणीची काचेची बाटलीही यायची. ती फुटते, म्हणून ती शाबूत असलेला संच वेगळ्याच भावाचा. मूळ कापडी पिशवी, कापडानं गुंडाळलेली वायर, मूळ प्लग, पुस्तिका, खरेदीची पावती, दुकानदाराचा शिक्का मारलेलं कार्ड, यांपैकी प्रत्येक गोष्ट यंत्राचं मोल वाढवते. म्हणून यंत्र घेतलं तरी त्या घरच्यांना पुन्हा एकदा माळ्यावर बघायला सांगा. माझ्या एका यंत्राचे ब्रश तीन महिन्यांनी शिलाई मशीनच्या पेटीत सापडले.

शोधायचं कसं

कबाड्यांशी ओळख करा. वर्षभर जाता-येता दोन शब्द बोला, मोबाइल नंबर देऊन ठेवा आणि स्पष्ट सांगा, "भाऊ, तोडू नका बरं, पयले मले फोन लावजा." तांब्या-अॅल्युमिनियमचा जो भाव त्याला मिळाला असता त्याच्या दीडपट द्यायची तयारी ठेवा. दोनदा असा व्यवहार झाला की तो स्वतःच शोधायला लागतो. घासाघीस करून पन्नास रुपये वाचवले तर पुढचं यंत्र फुटतं.

दुसरी वेळ मे-जूनची. रेल्वे, वायुसेना, सरकारी कार्यालयं यांतल्या बदल्या याच सुमारास होतात आणि क्वार्टर सोडणारी माणसं जड सामान विकून जातात. जुनी चित्रपटगृहं, हॉटेलं, चर्च, क्लब इथे मोठी औद्योगिक यंत्रं असू शकतात. व्यवस्थापकाला भेटून रीतसर विचारा. आणि घरात कोणी वारल्यावर सामान आवरलं जातं, तेव्हा मात्र आपण होऊन जाऊ नये. निरोप आला तरच जावं, भाव त्यांना ठरवू द्यावा.

जाताना पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर आणि वही ठेवा. मागवलेलं यंत्र समोर आलं की मी हे असं बघतो. प्रथम नेमप्लेट. तिच्यावर मॉडेल, क्रमांक, व्होल्ट, वॉट आणि बनवणाऱ्याचा देश असतो. तिचा फोटो सगळ्यात आधी. मग स्क्रूंच्या खाचा. त्या कुरतडलेल्या असतील तर आत कोणीतरी जाऊन आलंय. चुंबक अंगावर फिरवा: अॅल्युमिनियमला चिकटत नाही, पत्र्याला चिकटतं; एकाच भागात मधेच चिकटलं तर तिथे ठिगळ आहे. काळं-तपकिरी झाकण अंगठ्यानं जोरात घासून गरम करा आणि हुंगा. फॉर्मलिनसारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. त्यावर टॉर्च तिरपी धरली की केसाएवढी चीरही दिसते. चीर स्क्रूच्या भोकापासून निघाली असेल तर ती वाढणारच. शेवटी पंखा बोटानं फिरवून बघा. सहज फिरला तर बरं, करकरला तर बेरिंग, अडला तर गंज किंवा उंदराचं घरटं.

मालक म्हणतील, "लावून दाखवतो." नम्रपणे नको म्हणा. वीस वर्षं बंद असलेली मोटर एकदम २३० व्होल्टवर टाकली की ओलावा धरलेलं इन्सुलेशन तिथेच जळू शकतं. शिवाय नेमप्लेटवर ११० व्होल्ट लिहिलेलं असेल तर काही सेकंदांत खेळ संपतो.

घरी आणल्यावर

पिशवी घरात उघडू नका. गच्चीवर किंवा अंगणात, नाकाला चांगला मास्क लावून, ओल्या वर्तमानपत्रावर रिकामी करा. तिच्यात उंदरांची घाण असते. उघडताना मोटरीच्या आसपास पांढरट-करडं, कापसासारखं सुटणारं वेष्टण दिसलं तर थांबा. जुन्या विजेच्या उपकरणांत अॅस्बेस्टॉस वापरत असत. ते खरवडायचं नाही, फुंकायचं नाही, तसंच बंद करायचं आणि ते यंत्र फक्त बघण्यापुरतं ठेवायचं.

प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो. कार्बन कुठल्या बाजूचा कुठला होता आणि कोणत्या दिशेला तोंड करून होता, हे पेन्सिलनं लिहून ठेवा. तो ज्या वळणानं झिजलेला असतो त्याच वळणानं परत बसला पाहिजे.

आता वीज. इथे पायऱ्या गाळू नका आणि वायरिंगची सवय नसेल तर जाणत्या मिस्त्रीला शेजारी बसवा.

पहिली पायरी मेगरची. साध्या मल्टिमीटरनं गळती कळत नाही. ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारं मीटर, लागतो; तो मोटर वाइंडिंगच्या दुकानात असतो. वायरीच्या पिना आणि यंत्राचं धातूचं अंग यांच्यामध्ये किमान १ मेगओहम रोध यायला हवा. कमी आला म्हणजे मोटर गेली असं नाही, बहुतेकदा ती फक्त दमट असते. आर्मेचर (मोटरीचा फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (त्याच्याभोवतीची स्थिर वेटोळी) बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॉटच्या बल्बसोबत एक-दोन दिवस ठेवा आणि पुन्हा मोजा. मे महिन्यात बल्बही लागत नाही. ४५ अंशांच्या दुपारी सावलीत ठेवलेलं आर्मेचर दोन दिवसांत खडखडीत कोरडं होतं. आपल्या उन्हाळ्याचा हा एक उपयोग मी दरवर्षी करतो.

दुसरी पायरी, कॉम्युटेटर. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतो त्या काळ्या पडलेल्या असतात. त्या बारीक काचपेपरनं हलक्या हातानं, गोल फिरवत साफ करा. एमरी पेपर मुळीच नको, त्याचे कण वीज वाहून नेऊ शकतात आणि पट्ट्यांच्या फटीत अडकतात. फटी दात कोरायच्या काडीनं मोकळ्या करा. कार्बन ६ मिलिमीटरपेक्षा आखूड झाला असेल तर बदला. नेमक्या मापाचा मिळत नाही. थोडा मोठा घ्या, सपाट काचेवर काचपेपर ठेवून घासत मापात आणा. बेरिंगमधलं जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, ते रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा आणि नवं थोडंसंच भरा. जास्त भरलं तर ते उडून कॉम्युटेटरवर जातं.

तिसरी पायरी, सिरीज बल्ब. १०० वॉटचे दोन साधे बल्ब एकमेकांना पॅरलल जोडा आणि ती जोडी यंत्राच्या वायरीत सिरीजमध्ये घाला. बटण दाबल्यावर बल्ब आधी लख्ख पेटतील. मोटर हळूहळू फिरू लागली की मंद होतील. असं झालं तर सगळं ठीक. बल्ब लख्खच राहिले आणि मोटर हललीच नाही, तर आत शॉर्ट आहे किंवा काहीतरी अडकलंय. या स्थितीत कॉम्युटेटरवर नजर ठेवा. बारीक निळसर ठिणग्या चालतात; पूर्ण वर्तुळभर पळणारी ठिणगी दिसली तर लगेच बंद करा. ते आर्मेचरचं दुखणं असतं.

त्यानंतरच थेट वीज, तीही ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीमागच्या (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) बोर्डावरून. ११० व्होल्टच्या यंत्राला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. यंत्र ५०० वॉटचं असेल तर १ केव्हीएचा घ्या. अमेरिकी ६० हर्ट्झची काळजी नको, युनिव्हर्सल मोटरला फरक पडत नाही. जुन्या धातूच्या यंत्रांना दोनच तारांची वायर असते, अर्थिंग नसतं. चालवून दाखवायचं असेल तर तीन तारांची नवी वायर लावा, अंगाला अर्थ द्या आणि मूळ वायर सैल गुंडाळून चिठ्ठीसह त्याच खोक्यात ठेवा.

वाइंडिंग करावंच लागलं तर ऑक्टोबरनंतर दुकानात जा. मार्च ते जून नागपुरातला प्रत्येक वाइंडिंगवाला कूलरच्या मोटरींत बुडालेला असतो. तुमच्या नाजूक आर्मेचरला तेव्हा कोणी वेळ देत नाही आणि घाईत गुंडाळलेली तार वाया जाते. काढलेले सगळे भाग परत मागून घ्या, हे काम देण्याआधीच सांगायचं.

साफ करताना

सुरुवातीच्या दिवसांत माझ्या हाती एक सुंदर अॅल्युमिनियमचं यंत्र आलं होतं. मी ते पितळेच्या पॉलिशनं आरशासारखं केलं. त्या भरात बनवणाऱ्याचं सोनेरी अक्षरांतलं नाव पूर्ण पुसलं गेलं. त्या नावाची छपाई आता कुठेही मिळत नाही. ते यंत्र माझ्याकडे अजून आहे आणि त्याची किंमत मी स्वतः घालवली आहे, हे मला रोज दिसतं. तेव्हापासून नियम असा: नाव, चिन्ह, चित्र यांच्याभोवती दोन बोटं जागा सोडायची. तिथे फक्त कोरडं मऊ कापड.

बेकेलाइट कोमट पाण्यात किंचित साबण घालून कापडानं पुसा, बुडवू नका. मग रंगहीन मेण. उन्हानं मातकट झालेला भाग पॉलिशनं थोडा उजळतो, पूर्ण नाही, आणि त्यासाठी झटू नये. कापडी पिशवी वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, तिच्यावरची छपाई जाते. उन्हात उलटी करून झटका, मऊ ब्रश फिरवा. रंग उडालेला असेल तर तसाच राहू द्या. नव्या रंगाचं यंत्र बघायला छान दिसतं, पण संग्राहक त्याला कमी पैसे देतो आणि माझ्या मते बरोबरच करतो.

ठेवायचं कुठे

माळ्यावर नाही, गच्चीवरच्या खोलीत तर नाहीच. वरच्या मजल्यावरच्या उष्णतेनं रबर आधी चिकट होतं, मग तडकतं. तळमजल्याची आतली, बाहेरच्या भिंतीला न टेकणारी खोली उत्तम. नळी घट्ट गुंडाळू नका. मोठ्या वळणानं किंवा सरळ लटकवा. उभ्या यंत्राचा पट्टा काढून ठेवा, नाहीतर ताणून सैल होतो. कूलरच्या हवेच्या झोतात यंत्र येऊ देऊ नका, ती हवा पावसाळ्याइतकीच ओली असते. पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. वायर आणि पिशवी डब्यात, म्हणजे उंदीर लागत नाहीत. दोन-तीन महिन्यांतून एकदा चालणारं प्रत्येक यंत्र दोन मिनिटं फिरवा.

नोंद आणि विक्री

यंत्र ज्या घरातून आलं तिथे तासभर बसा. कोणी घेतलं, कुठून, किती सालात, पहिल्यांदा चालवलं तेव्हा काय झालं, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. शक्य असेल तर जुन्या फोटोत ते यंत्र दिसतंय का विचारा. पावती, अल्बममधला फोटो आणि घरातल्या माणसाची हकीकत जोडलेलं यंत्र तशाच दुसऱ्या यंत्रापेक्षा जास्त मोलाचं ठरतं, विकायलाही आणि ठेवायलाही. अमेरिकेत मिझुरीतल्या सेंट जेम्स गावी व्हॅक्यूम क्लीनरचं आख्खं संग्रहालय उभं राहिलं. आपल्याकडे या वस्तूंची नोंद ठेवायची तर ती आपल्याच वहीत ठेवावी लागेल.

भाव काढताना लोकांनी मागितलेल्या किमती बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. परदेशातल्या भावाशी थेट तुलनाही करू नका. यंत्र जड असतं, पाठवायचा खर्च कधी कधी यंत्राहून जास्त होतो आणि बेकेलाइट वाटेत फुटतं. पाठवावंच लागलं तर झाकण, काचेची बाटली आणि मोटर वेगवेगळी बांधा.

माझ्याकडचं एक युरोक्लीन लक्ष्मीनगरातल्या एका आजींनी दिलं. त्यांच्या यजमानांनी पहिल्या बोनसमधून ते घेतलं होतं. मोटर कोरडी करून, कार्बन घासून ते सुरू झालं तेव्हा मी त्यांना फोन लावला आणि मोबाइल यंत्राजवळ धरला. त्यांनी आवाज पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "हो, असाच यायचा. आता बंद करा, तापेल." वहीत त्या यंत्रापुढे मी तारीख आणि एवढंच वाक्य लिहून ठेवलंय.